वर्ल्ड फुगलंय आणि खेळ अडखळतोय: मॉड लावलेल्या माइनक्राफ्टची दोन वेगळी दुखणी

मॉड (खेळात बाहेरून घातलेली भर) लावलेल्या माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या खेळाबद्दलची एक तक्रार अगदी ठरलेली असते. मॉडपॅक दोनशे मॉडचा, काही महिने खेळून झालेले, वर्ल्डचा फोल्डर १५ जीबीवर गेलेला, आणि आता खेळ धड चालत नाही. तक्रार करणारा निदानही स्वतःच सांगून मोकळा होतो: सेव्ह फार मोठी झाली, म्हणून लॅग येतोय. मग कुणीतरी अर्धं वर्ल्ड उडवायला सांगतं. ते उडवलं जातं, फोल्डर ४ जीबीवर येतो, आणि लॅग जिथल्या तिथे.

याचं कारण असं की माइनक्राफ्ट सगळं वर्ल्ड कधीच मेमरीत घेत नाही. जमिनीचे १६ बाय १६ ब्लॉकचे चंक असतात, ३२ बाय ३२ म्हणजे १०२४ चंक एका रिजन फाइलमध्ये बसतात, आणि त्यातून खेळाडूच्या आसपासचे चंक तेवढे उचलले जातात. ग्रंथालयात लाख पुस्तकं आहेत म्हणून टेबलावरचं पुस्तक वाचायला जास्त वेळ लागत नाही, तसंच हे. डिस्कवर झोपलेले चंक जागा खातात, वेळ खात नाहीत. वेळ खातात ते जागे असलेले चंक आणि त्यांच्यात जे काही हलतंय, मोजतंय, शोधतंय ते. आकार आणि लॅग एकमेकांना खरोखर भिडतात अशा दोन-तीन जागा आहेत, आणि त्याच सगळ्यात कमी तपासल्या जातात. त्यांच्याकडे सविस्तर येतो.

हे सगळं जावा एडिशनबद्दल, म्हणजे जावा या प्रणालीवर चालणाऱ्या कम्प्युटरवरच्या आवृत्तीबद्दल आहे. फोल्डरची मांडणी १.१८ ते १.२१ या आवृत्त्यांप्रमाणे धरली आहे. बरेच मोठे मॉडपॅक याच टप्प्यातले आहेत, मग लोडर (मॉड खेळात बसवणारा प्रोग्रॅम) फोर्ज असो, निओफोर्ज असो की फॅब्रिक.

काहीही करण्याआधी खेळ पूर्ण बंद करा आणि वर्ल्डच्या आख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढा. खेळ चालू असताना काढलेली प्रत धरू नका, कारण त्यातले काही चंक जुने आणि काही नवे असू शकतात. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे, मूळ वर्ल्डवर नाही.

लॅग कुठला, ते आधी

‘लॅग येतोय’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. तीन वेगळ्या गोष्टींना आपण हेच नाव देतो.

पहिली म्हणजे चित्र अडखळणं. कॅमेरा फिरवला की गचके बसतात, पण तोडलेला ब्लॉक लगेच तुटतो आणि संदूक लगेच उघडते. हे काम ग्राफिक्सचं. शेडर (प्रकाश-सावल्या खुलवणारी भर), रेंडर डिस्टन्स (किती दूरपर्यंतचं दाखवायचं ते), पडद्यावर एकाच वेळी दिसणारी शेकडो सजावटीची यंत्रं. चित्र हलकं करणारा सोडियम किंवा त्याच्या घराण्यातला, तुमच्या लोडरवर चालणारा मॉड टाका, रेंडर डिस्टन्स कमी करा. सेव्ह फाइलचा इथे काडीचा संबंध नाही, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळाचं गणित मागे पडणं. चित्र छान गुळगुळीत, पण तोडलेला ब्लॉक पुन्हा उगवतो, भट्टी संथ चालते, प्राणी एका जागी थबकून अचानक पुढे सरकतात. माइनक्राफ्ट सेकंदाला २० टिक (खेळाच्या हिशोबाच्या फेऱ्या) चालवतं, म्हणजे प्रत्येक टिक ५० मिलिसेकंदांत आटपायला हवी. एकट्याने खेळतानाही आत एक सर्व्हर चालूच असतो. एफ३ दाबलं की डावीकडच्या मजकुरात ‘इंटिग्रेटेड सर्व्हर’ अशी ओळ दिसते आणि तिच्यात एक टिक किती मिलिसेकंदांत होते ते असतं. तो आकडा १५–२० असेल तर प्रकृती उत्तम. सतत ५० च्या वर असेल तर हेच दुखणं. लॉग फाइलमध्ये मग ‘कान्ट कीप अप’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येऊ लागते. मॉडेड खेळात हाच प्रकार सगळ्यात जास्त आढळतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अधूनमधून गोठणं. सगळं व्यवस्थित चालू असतं आणि मध्येच अर्धा-एक सेकंद सगळं थांबतं. यात पुन्हा दोन पोटजाती आहेत. एफ३ च्या पडद्यावर उजवीकडे मेमरीची टक्केवारी पाहा. ती चढत चढत जाऊन गोठण्याच्या क्षणी धाडकन खाली येत असेल, तर जावा मेमरी साफ करत आहे. गोठणं साधारण दर ५ मिनिटांनी येत असेल, तर ती स्वयंचलित सेव्ह आहे, जी दर ६००० टिकांनी होते. याची एक सोपी परीक्षा आहे. एकट्याने खेळताना एस्केप दाबून खेळ थांबवला की वर्ल्ड सेव्ह होतं. एस्केप दाबल्यावर दर वेळी तसाच झटका बसत असेल, तर गुन्हेगार सेव्हच. इथे मात्र फाइलचा आकार खरोखर विचारात घ्यावा लागतो.

जागा नेमकी कशाने खाल्ली

फोल्डर १५ जीबीचा आहे म्हणजे वर्ल्ड १५ जीबीचं आहे असं नाही. फोल्डर आकाराप्रमाणे लावून पाहिले की अनेकदा हसू येतं. बॅकअप काढणारा मॉड दर दोन तासांनी आख्ख्या वर्ल्डची झिप बनवत असतो आणि किती जुन्या प्रती ठेवायच्या ती मर्यादा कुणी लावलेलीच नसते. मग डिस्क भरते ती प्रतींनी. नकाशाचे मॉड, जर्नीमॅप किंवा झेरोचा वर्ल्ड मॅप, आपली चित्रं खेळाच्या फोल्डरमध्ये वेगळी साठवतात. दूरची दृश्यं दाखवणारा डिस्टंट होरायझन्स मॉड लावला असेल तर वर्ल्डच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये त्याची एसक्यूलाइट फाइल असते, आणि लांबवर फिरलेल्या वर्ल्डमध्ये ती कित्येक जीबींची होते. ती उडवली तरी वर्ल्डला धक्का लागत नाही. दूरची दृश्यं पुन्हा तयार होतील, एवढंच.

हे सगळं वजा केल्यावर उरतो तो ‘रिजन’ फोल्डर, आणि तसेच नेदर, एंड व मॉडच्या इतर मितींचे (खेळातल्या वेगळ्या जगांचे) फोल्डर. हिशोब साधा आहे. रिजन फाइलमध्ये प्रत्येक चंकला ४ केबीच्या पटीतच जागा मिळते. म्हणजे चंक कितीही रिकामा असला तरी ४ केबी गेलेच, आणि पूर्ण भरलेली फाइल ४ एमबीच्या खाली असूच शकत नाही. आता रेंडर डिस्टन्स १२ ठेवून एलिट्राने (उडायच्या पंखांनी) सरळ रेषेत १०,००० ब्लॉक उडालात, तर वाटेत २५ चंक रुंद आणि ६२५ चंक लांब असा पट्टा तयार होतो. १५,६२५ चंक. कमीत कमी ६० एमबी, तेही एका फेरीत, जिथे तुम्ही पाऊलही ठेवलं नाही. १.१८ मध्ये वर्ल्डची उंची २५६ वरून ३८४ ब्लॉक झाली आणि मॉडपॅकमध्ये खनिजं-इमारतींची गर्दी असते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याच्या बराच वर जातो. खाणकामासाठी वेगळी मिती देणारे मॉड असतील तर तिथेही हीच कथा. तिथे तर कुणी घर बांधत नाही, म्हणून तो फोल्डर अख्खा उडवला तरी चालतो. आत यंत्रं ठेवलेली नाहीत एवढी खात्री करून घ्या.

बाकीच्या छाटणीसाठी एमसीए सिलेक्टर हे साधन उत्तम आहे. वर्ल्ड उघडलं की नकाशा दिसतो आणि गाळणी लावून चंक निवडता येतात. सगळ्यात कामाची गाळणी म्हणजे ‘इनहॅबिटेड टाइम’, अर्थात त्या चंकच्या आसपास खेळाडूंनी मिळून घालवलेला वेळ. खेळ हा आकडा प्रत्येक चंकमध्ये स्वतःच ठेवतो, कारण एखाद्या जागेची काठिण्यपातळी ठरवताना तो लागतो. आपल्याला तो आयता मिळतो. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ असलेले चंक निवडले की उडत गेलेले पट्टे जवळपास सगळे सापडतात.

निवडले की लगेच डिलीट दाबू नका. मॉडेड वर्ल्डमध्ये असे चंक असतात जिथे कुणी फिरकत नाही, पण काम मात्र चालू असतं. क्रिएट या मॉडची रेल्वे हे उत्तम उदाहरण: गाड्या लोड न झालेल्या चंकमधूनही धावतात, त्यामुळे दोन स्थानकांमधल्या रुळांखालच्या चंकचा वेळ नगण्य असू शकतो. छाटणी केलीत तर रूळ जातील. लांब पल्ल्याच्या तारा, नळ, आणि चंक लोडर (खेळाडू नसतानाही चंक जागा ठेवणारं साधन) लावून दूर ठेवलेली खाणयंत्रं यांचंही तेच. म्हणून निवड झाल्यावर नकाशावर एकदा सगळीकडे नजर फिरवा आणि असे पट्टे हाताने निवडीतून काढा. उडवलेले चंक पुढच्या वेळी नव्याने तयार होतात, आणि ते आज लागलेल्या मॉडप्रमाणे होतात. मध्यंतरी भूभाग बदलणारा मॉड घातला किंवा काढला असेल तर सीमेवर कड्यासारखे सरळ काप दिसतील. दुसरीकडे, लुटून रिकाम्या केलेल्या इमारती पुन्हा भरलेल्या सापडतील. मित्रांबरोबरच्या सर्व्हरवर हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

एवढं करून जागा मोकळी होते, कॉपी आणि बॅकअप लवकर होतात. टिकचा आकडा मात्र होता तेवढाच राहतो.

आकार आणि लॅग खरोखर भेटतात ती जागा

एकूण आकार सोडा, एकेका फाइलचा आकार पाहा. ‘रिजन’ फोल्डर उघडून फाइली आकारानुसार लावा. बहुतेक फाइली एकाच पट्ट्यात असतील आणि एखादीच शेजाऱ्यांच्या तिप्पट-चौपट निघेल. १.१७ पासून प्राणी, पडलेल्या वस्तू, गाड्या, चौकटी वगैरे ‘एन्टिटीज’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तिथेही तेच करा. इथला फरक जास्त बोलका असतो. शेजारच्या फाइली काही शे केबींच्या आणि एकच २० एमबीची, असं दिसलं तर तुमचा माणूस सापडला.

फाइलच्या नावातच पत्ता असतो. नावातले दोन आकडे ५१२ ने गुणायचे. ‘आर.३.-२’ अशी फाइल असेल तर एक्स १५३६ ते २०४७ आणि झेड -१०२४ ते -५१३ हा तो चौरस. तिथे गेलात की बहुधा आपोआप माल काढणारा एखादा फार्म सापडतो, ज्याची संदूक कधीच भरली आणि वस्तू जमिनीवर सांडत राहिल्या. पडलेल्या वस्तू ५ मिनिटांत नाहीशा होतात हे खरं, पण ते घड्याळ चंक जागा असतानाच चालतं. तुम्ही चार मिनिटं थांबून निघून जाता, चंक झोपतो, वस्तू तशाच सेव्ह होतात. पुढच्या फेरीत आणखी.

‘रिजन’ फोल्डरमध्ये एमसीसी शेपटीची फाइल दिसली तर ती जास्त गांभीर्याने घ्या. एका चंकला रिजन फाइलमध्ये ४ केबीचे जास्तीत जास्त २५५ तुकडे मिळतात, म्हणजे जेमतेम १ एमबी. तेवढ्यात मावला नाही की त्या चंकची वेगळी एमसीसी फाइल बनते. एक १६ बाय १६ चा तुकडा, दाबून लहान केल्यानंतरही १ एमबीच्या वर! (हिच्या नावातले आकडे चंकचे असतात, १६ ने गुणायचे.) असा चंक जवळपास नेहमी साठवणुकीच्या खोलीचा असतो: भरलेल्या शल्कर पेट्यांनी (मालासकट उचलता येणाऱ्या पेट्यांनी) भरलेल्या संदुका, किंवा एप्लाइड एनर्जिस्टिक्स मॉडचे मालाने भरलेले सेल एकाच भिंतीत. वस्तूच्या पोटात वस्तू, आणि त्या प्रत्येकीवर जादू, नाव, झीज यांची नोंद. हा चंक दर वेळी पूर्ण वाचला जातो, पूर्ण लिहिला जातो. खोली दोन-चार चंकमध्ये विभागणं हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय. त्याहून चांगलं म्हणजे एकेक वेगळी नोंद बाळगणाऱ्या वस्तू, मुख्यतः राक्षसांकडून मिळालेली झिजलेली धनुष्यं आणि चिलखतं, साठवणुकीत येऊच न देणं. हजार दगड म्हणजे एक नोंद आणि एक आकडा. हजार झिजलेली धनुष्यं म्हणजे हजार नोंदी.

खेळाडूची फाइलही याच रोगाने फुगते. ‘प्लेयरडेटा’मधल्या फाइली सहसा काही केबींच्या असतात, एखादी एमबीत गेली असेल तर तो खेळाडू भरलेल्या पेट्या अंगावर घेऊन फिरतोय. सर्व्हरवर अशा खेळाडूला जोडणी तुटण्याचा अनुभव येतो, कारण एनबीटी टॅग (खेळ अशा नोंदी ज्या स्वरूपात ठेवतो ते) नेटवर्कवरून वाचताना २०,९७,१५२ बाइटची मर्यादा आहे आणि ती ओलांडली की खेळ सरळ नकार देतो.

तिसरी जागा म्हणजे ‘डेटा’ फोल्डरमधल्या डॅट फाइली. अनेक मॉड आपली माहिती चंकमध्ये न ठेवता इथे एकाच फाइलमध्ये ठेवतात; सोफिस्टिकेटेड बॅकपॅक्स मॉडच्या पिशव्यांमधला माल इथेच असतो. या फाइलीत एक कण बदलला तरी सेव्ह करताना ती पूर्ण लिहावी लागते. ३० केबीची असेल तर कळणारही नाही. ३० एमबीची असेल तर दर ५ मिनिटांचा तो झटका हाच. फाइलच्या नावावरून मॉड ओळखू येतो. फाइल उडवू नका, आतला माल जाईल. त्या मॉडची जुनी, हरवलेल्या पिशव्यांची नोंद साफ करणारी आज्ञा आहे का ते त्याच्या माहितीपत्रात पाहा, आणि पिशव्यांमधला कचरा काढा.

एखादा चंक इतका जड झाला असेल की तिथे गेल्यावर खेळच कोसळतो, तर आत न जाता बाहेरून इलाज करता येतो. खेळ बंद करून ‘एन्टिटीज’मधली तेवढीच फाइल बाहेर हलवा आणि वर्ल्ड उघडा. सांडलेल्या वस्तू गेलेल्या असतील. मात्र त्या ५१२ बाय ५१२ च्या चौरसातले गावकरी, पाळीव प्राणी, चित्रं आणि चौकटीसुद्धा गेलेल्या असतील. एवढं नुकसान नको असेल तर एमसीए सिलेक्टरमधून फक्त त्या चंकच्या एन्टिटी काढता येतात.

टिक मागे पडत असेल तर अंदाज नको, मोजा

स्पार्क हा मॉड टाका. चॅटमध्ये स्पार्कची प्रोफायलर सुरू करण्याची आज्ञा द्या, जिथे त्रास होतो तिथे दोन-तीन मिनिटं नेहमीसारखं खेळा, मग थांबवण्याची आज्ञा द्या. ब्राउझरमध्ये उघडणारा एक दुवा मिळतो, आणि कुठल्या कामावर टिकचा किती टक्के वेळ गेला त्याचं झाड दिसतं. लॅग अधूनमधूनच येत असेल तर १०० मिलिसेकंदांपेक्षा लांबलेल्याच टिक नोंदवायला सांगा, नाहीतर शांत टिकांच्या गर्दीत वाईट टिक दबून जातात. एन्टिटीच्या फांदीवर वेळ जास्त असेल तर प्राणी, गावकरी, सांडलेल्या वस्तू. ब्लॉक एन्टिटीच्या फांदीवर असेल तर यंत्रं, नळ, हॉपर (माल आपोआप सरकवणारा ब्लॉक). चंक तयार करण्यावर असेल तर कुणीतरी नव्या मुलखात उडतंय.

हॉपरबद्दल एक गंमत. रिकामा बसलेला हॉपर काम करणाऱ्या हॉपरपेक्षा महाग पडतो. माल सरकवल्यावर हॉपर ८ टिक विश्रांती घेतो, पण काहीच मिळालं नाही तर प्रत्येक टिकला पुन्हा शोधतो, आणि वर काही नसेल तर हवेत पडलेल्या वस्तूंचाही शोध घेतो. वर एक कंपोस्टर (खत बनवणारा ब्लॉक) ठेवला की तो शोध थांबतो. शंभर हॉपरच्या रांगेत हा फरक दिसतो. लिथियम हा मॉड किंवा त्याची फोर्जवरची रूपं यातला बराच भार परस्पर कमी करतात आणि खेळाचं वागणं बदलत नाहीत, म्हणून ती डोळे झाकून टाकावीत.

यापेक्षाही वारंवार सापडणारं कारण म्हणजे विसरलेले चंक लोडर. सिम्युलेशन डिस्टन्स (किती चंकांपर्यंत खेळ चालू ठेवायचा ते) १० असेल तर एका खेळाडूभोवती ४४१ चंक जागे राहतात. ६ केला तर १६९. पण सक्तीने लोड केलेले चंक या हिशोबात येतच नाहीत, खेळाडू कुठेही असो, ते चालूच. मूळ खेळाच्या फोर्सलोड आज्ञेने यादी विचारता येते, एफटीबी चंक्स मॉड असेल तर त्याच्या नकाशावर दिसते. प्रत्येक मितीत वेगळं तपासा. जुनी खाण संपून महिना झाला तरी तिथली यंत्रं ‘काही मिळतंय का’ म्हणून विचारत बसलेली असतात.

मेमरीचं लहानसं प्रकरण. लोक १६ जीबी देतात आणि गोठणं वाढतं, कारण साफसफाईला कधीतरी मोठा ढीग हाताळावा लागतो. मोठ्या पॅकला ६ ते ८ जीबी पुरतात. फेराइटकोर आणि मॉडर्नफिक्स हे मॉड असतील तर त्याहूनही कमी. जावाची आवृत्ती बरोबर हवी: १.१८ ते १.२०.४ ला १७, १.२०.५ ते १.२१ ला २१.

वर्ल्डचा फोल्डर क्लाउडशी जोडलेल्या जागेत असेल तर तो आधी बाहेर काढा. सेव्ह होत असतानाच सिंक फाइल पकडून ठेवतो आणि कधी कधी फाइल खराबही करतो. अँटिव्हायरसलाही हा फोल्डर वगळायला सांगा.

पुन्हा का येतं

साफसफाई झाली, महिना गेला, परत तेच. असं होतं कारण वस्तू उडवल्या पण सांडणारा फार्म तसाच राहिला. प्रत्येक फार्मला भरल्यावर थांबणारी कळ किंवा शेवटी कचऱ्याचा डबा हवाच. फिरण्याला सीमा हवी: वर्ल्ड बॉर्डर लावा आणि चंकी मॉडने आतला मुलूख एकदाच तयार करून घ्या, म्हणजे उडताना तयार होण्याचा लॅगही जातो. आकडा मात्र जपून निवडा. त्रिज्या ५००० ब्लॉक म्हणजे ३,९०,६२५ चंक, दीड जीबीच्या खाली येणं शक्यच नाही, आणि मॉडेड वर्ल्डमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. चार जणांच्या सर्व्हरला ३००० पुष्कळ.

मॉड काढून टाकतानाही आधी त्याचे ब्लॉक, प्राणी आणि वस्तू वर्ल्डमधून काढा. नाहीतर त्या जागांवर आल्यावर लॉगमध्ये ‘ही एन्टिटी वगळली’ छापाच्या ओळींचा पाऊस पडतो, आणि तो लिहिण्याचाही भार पडतो.

इतकं करून अडलंच, तर मदत मागताना चार गोष्टी सोबत द्या: खेळ, लोडर आणि पॅक यांच्या नेमक्या आवृत्त्या, त्रास होत असतानाच काढलेला स्पार्कचा दुवा, ‘लेटेस्ट’ लॉगची पूर्ण फाइल, आणि रिजन, एन्टिटीज, डेटा या तीन फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या पाच-पाच फाइलींची नावं व आकार. मॉडची नुसती यादी पाठवली तर समोरचा पुन्हा अंदाजच सांगेल.